दोन वर्षांसाठी इस्रायलला राहायला जातोय, मी ज्यू नाही, तिथल्या लोकांच्या घरात, सणावारात खरंच मिसळता येतं का?

मिसळता येतं, आणि तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा लवकर. मी 2016 ते 2019 दक्षिण इस्रायलमधल्या बेर शेवा शहरात होते, बेन गुरियन युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. तिकडे 2023 नंतर बरंच काही बदललंय, तेव्हा मी सांगतेय ते माझ्या वेळचं आहे हे लक्षात ठेवून वाचा. तुम्ही लिहिलंय की लॅब आणि घर यातच दोन वर्षं जातील अशी भीती वाटते. माझे पहिले चार महिने तसेच गेले, कारण मी शुक्रवारी संध्याकाळी पेपर वाचत बसायचे. तिथे शुक्रवार संध्याकाळ म्हणजे सगळं काही आहे. ती मोकळी ठेवा, बाकी आपोआप होतं.

शब्बात, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडं आधी सुरू होतो आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की संपतो. बेर शेवाला शुक्रवारी दुपारनंतर बस बंद, ट्रेन बंद, दुकानं बंद, रस्त्यावर अशी शांतता की आधी मला ती खायला उठायची. पण तेव्हाच घराघरात टेबलं मांडलेली असतात आणि 'तू या शुक्रवारी कुठे आहेस?' हा प्रश्न लोक खरंच उत्तरासाठी विचारतात. आपल्याकडे आपण दोनदा नाही म्हणतो, मग तिसऱ्यांदा हो म्हणतो, तसं तिथे करू नका. एकदा नाही म्हटलं की ते नाही धरतात. मी असं करून दोन आमंत्रणं घालवली आणि नंतर लॅबमधल्या मैत्रिणीने सरळ विचारलं की तुला आमच्याकडे यायचं नाहीये का. मग कळलं.

पहिल्यांदा गेले ते एका मोरोक्कन ज्यू कुटुंबाकडे. आई मेणबत्त्या लावते, डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हणते, मग वडील वाइनचा पेला हातात घेऊन किद्दुश नावाची प्रार्थना म्हणतात, वेणीसारखी विणलेली खाला नावाची ब्रेड असते, दोन, वर कापड झाकलेलं, ती तोडून मीठ लावून सगळ्यांना देतात. त्याआधी वडिलांनी एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, मोठा मुलगा पंचवीस वर्षांचा, सुट्टीवर आलेला, तोही मान खाली घालून उभा राहिला. मला माझ्या आजोबांकडचं दिवाळीचं पाया पडणं आठवलं आणि मी तिथे रडले. कुणी काही विचारलं नाही, फक्त माझ्या ताटात अजून वाढलं.

आता जेवणाचं नीट ऐका, कारण इथे माझी चूक झाली होती. मी घरी केलेले गुलाबजाम घेऊन गेले. ते घर कोशर पाळणारं. म्हणजे मांस आणि दूध एकत्र नाही, भांडीसुद्धा वेगळी, आणि माझ्या स्वयंपाकघरातून आलेलं काहीच चालणार नव्हतं. त्यात त्या दिवशी मटण होतं, म्हणजे दुधाचं गोड तर अजिबातच नाही. त्या बाईंनी डबा प्रेमाने घेतला, बाजूला ठेवला, आणि निघताना हळूच समजावून सांगितलं. तेव्हा घरी केलेलं नेऊ नका, कोशरचा शिक्का असलेलं सीलबंद पाकीट न्या किंवा फुलं न्या, आणि शब्बात लागायच्या आधी पोचा. पाळणाऱ्या घरात शब्बातला विजेचं काही चालू-बंद करत नाहीत, म्हणून बेल वाजवू नका, दार ठोठवा. बाथरूमचा दिवा चालू असेल तर चालूच राहू द्या, फोन पिशवीत ठेवा. शाकाहारी असाल तर पाकिटावर 'पार्वे' शब्द शोधा, म्हणजे त्यात मांसही नाही आणि दूधही नाही, पण अंडं किंवा मासा असू शकतो, तेवढं वाचून घ्या. सगळेच पाळतात असं नाही हं, माझा प्रोफेसर शनिवारी गाडी घेऊन समुद्रावर जायचा, पण शुक्रवारचं जेवण त्याच्याकडेही चुकायचं नाही.

आणि आता दिमोना. मराठी माणसाने बेर शेवाला राहून दिमोनाला न जाणं मला तरी पटत नाही. बसने तासाच्या आत पोचता. 1950-60 च्या दशकात आपल्या कोकणातून, मुंबईतून गेलेले बेने इस्राएली ज्यू तिथे मोठ्या संख्येने वसले, कारण सरकार नवीन आलेल्यांना वाळवंटातल्या अशाच नव्या गावांमध्ये पाठवत होतं. तेच आपले शनिवार तेली, रायगड जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून ते नाव. मी तिथल्या भारतीय दुकानात शेव आणि पोहे घ्यायला गेले होते, फोनवर आईशी बोलत होते, तर मागून आवाज आला, 'कुठली गो तू?' मागे वळले तर ऐंशीच्या पुढच्या एक आजी. मी म्हटलं चिपळूण. त्यांनी माझा हात धरला तो घरी जाऊन जेवण होईपर्यंत सोडला नाही.

त्या आजींकडे मी मग अडीच वर्षं जात राहिले. त्यांचं मराठी त्या निघाल्या तेव्हाचं, 1960 च्या आसपासचं, तसंच जपलेलं. नातवंडं त्यांना हिब्रूत 'साव्ता' म्हणतात, त्या उत्तर मराठीत देतात. त्यांच्या तोंडी सणांची नावं ऐकून तर मी वहीच काढली. रोश हाशानाला, म्हणजे ज्यू नव्या वर्षाला, नव्याचा सण, तिशा बआवला बिरड्याचा सण, कारण त्या दिवशीच्या उपासाचं पारणं बिरड्याने. नव्या वर्षाला नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा. त्या म्हणायच्या, नारळाने आमचा धर्म सांभाळला, मटणाबरोबर दूध चालत नाही पण नारळाचं दूध चालतं, मग आम्हाला कोकणात काय कमी होतं?

त्यांचा नातू सैन्यात जाणार होता तेव्हा मलिदा केला. हे मात्र बघायला मिळालं तर सोडू नका, जगात दुसऱ्या कुठल्या ज्यू समाजात हे या रूपात नाही. ताटात भिजवलेले गोड पोहे, खोबरं, सुका मेवा, वर फळं, सब्जाच्या काड्या. पुरुष किप्पा, म्हणजे छोटी गोल टोपी, घालून बसतात, एलियाहू हानाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं स्तवन हिब्रूत गातात आणि मग फळांवर आशीर्वाद म्हणतात. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, आणि केळं जमिनीच्या बाजूला, कारण केळीला खोड टिकत नाही. आजींनी हे मला केळं हातात देऊनच सांगितलं. पुरुषांचं झाल्यावर बायकांनी मराठीत योसेफची गोष्ट गायली, कीर्तनाच्या चालीत, जुनी वही पुढे ठेवून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेने इस्राएलींनी आपलं कीर्तन घेतलं आणि त्यात तनाखमधल्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या, कथा घातल्या, तेच हे. हिब्रू संदेष्टा, ओव्यांची चाल, आणि खिडकीबाहेर नेगेव्हचं वाळवंट. मी रेकॉर्ड करायची परवानगी मागितली तर आजी म्हणाल्या, रेकॉर्ड नको करू, बस आणि म्हण आमच्याबरोबर.

सगळं गोडच होतं असं सांगणार नाही. त्यांचे यजमान एकदाच बोलले, 1960 च्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलींच्या लग्नांबद्दल शंका काढली, वंशाच्या चौकश्या लावल्या, तेव्हा या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं आणि 1964 मध्ये संसदेला ठराव करून म्हणावं लागलं की हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत. 'गावात आम्हाला कुणी विचारलं नाही तू कोण, इथे येऊन विचारलं,' एवढंच म्हणाले आणि चहा प्यायले. हे ऐकल्यावर 'तुम्हाला इथे बरं वाटतं का' वगैरे प्रश्न मी परत विचारले नाहीत. तुम्हीही पहिल्या भेटीत विचारू नका, सांगायचं असेल तर ते सांगतात.

बाकी वर्षभराचं पटकन सांगते. योम किप्पुरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, रस्त्यावर एक गाडी नसते, हायवेवर मुलं सायकली चालवतात, बाहेर पडा आणि चाला. तो संपला की त्याच रात्री हातोड्यांचे आवाज सुरू होतात, लोक सुक्कोतचे मांडव बांधायला लागतात. पेसाखच्या सणात फुगवलेलं पीठ-पाव खात नाहीत, म्हणून सुपरमार्केटमध्ये पाव-पिठाचे रॅक झाकून टाकतात, आधीच सामान भरा. स्मरणदिनांना सायरन वाजला की जिथे असाल तिथे उभे राहा, गाडीतले लोकही उतरून उभे राहतात. बेर शेवाला इथिओपियन ज्यूही खूप आहेत, त्यांचा सिग्द हा सण योम किप्पुरनंतर पन्नासाव्या दिवशी येतो, त्या दिवशी जेरुसलेमला जा. स्मरणदिनांचा सोडून दुसरा सायरन रॉकेट हल्ल्याचा, त्यासाठी घर घेतानाच मामाद, म्हणजे सुरक्षित खोली, आहे का ते बघा, नसेल तर जवळचा मिक्लात, म्हणजे सार्वजनिक निवारा, कुठे ते पहिल्या दिवशी शोधून ठेवा. उल्पानमध्ये, म्हणजे हिब्रूच्या वर्गात, हिब्रू शिका, इंग्रजीवर लॅब चालते पण आज्या चालत नाहीत.

आणि जाण्याआधी एक दिवस काढून अलिबागच्या इस्राएल आळीतलं मागेन आबोथ सिनेगॉग बघून या, कुणाला विचारून परवानगी मिळाली तर फोटो काढा. दिमोनात तुम्हाला पहिला प्रश्न गावाचा येणार, पेणकर, केहिमकर, दिवेकर ही आडनावं गावांवरूनच आली आहेत ना. मी फोटो नेले नव्हते. दुसऱ्या वर्षी सुट्टीहून परतताना नेले, आणि आजींनी एकेक फोटो इतका वेळ बघितला की चूल बंद करायला मला उठावं लागलं.