वाचकांचे प्रश्न : कापूस, कोयता आणि उत्तर-वसाहतवाद

प्रश्न : एम.ए.साठी खानदेशातल्या कापूस व्यापारावर प्रबंध लिहितो आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांत शेतकऱ्याची प्रतिमा कशी रंगवली आहे, यावर भर द्यावा असं मार्गदर्शक सरांचं म्हणणं. उत्तर-वसाहतवादी सिद्धान्त भांडवलशाहीला बगल देतो, असंही वाचलं. नेमका वाद काय? – विद्यार्थी, जळगाव

उत्तर : वाद कारणाचा आहे. पूर्वेविषयी पश्चिमेनं रचलेलं ज्ञान सत्तेच्या कामी कसं आलं, हे एडवर्ड सईद यांनी १९७८मध्ये दाखवलं. उत्तर-वसाहतवादी सिद्धान्ताची सुरुवात बहुधा इथूनच धरतात. ते काम मोलाचंच आहे. पण पुढे या परंपरेतल्या बऱ्याच लेखनात प्रतिमा हेच कारण होऊन बसलं आणि मजुरी, कर्ज, बाजारभाव मागे पडले. मार्क्सवादी समीक्षक एजाज अहमद यांनी १९९२मध्ये आणि इतिहासकार आरिफ दिर्लिक यांनी १९९४मध्ये यावर बोट ठेवलं. हा सिद्धान्त जागतिक भांडवलशाहीच्या काळातच फोफावला आणि नेमकं तिच्याविषयीच फारसं बोलत नाही, असा दिर्लिक यांचा रोख होता.

तुमच्या विषयात हा फरक स्वच्छ दिसतो. कापसातल्या भेसळीविरुद्ध मुंबई इलाख्यात १८६३मध्ये कायदा झाला. त्याभोवतीच्या पत्रव्यवहारात ‘लबाड देशी विक्रेता’ शोधाल, तर प्रतिमेचं प्रकरण तयार होईल. ते जरूर लिहा, पण एवढ्यावर थांबू नका. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चाललं, तिथला कापूस अडला आणि इथला भाव चढला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. युद्ध संपलं तसा भाव कोसळला. शेतसारा मात्र रोखीत भरायचा होता आणि त्याचा दर साधारण तीस वर्षांसाठी बांधलेला. भाव उतरला म्हणून तो उतरत नव्हता. अधिकाऱ्याचं मत कितीही उदार असतं, तरी हप्त्याच्या तारखेला शेतकऱ्याला कापूस विकावाच लागला असता. भौतिकवादी, म्हणजे प्रतिमेआधी आर्थिक सक्तीकडे पाहणाऱ्या, टीकेचा सगळा जोर या ‘विकावाच लागला’वर आहे.

म्हणून एक तालुका घ्या आणि पाच गोष्टी काळानुसार शेजारी-शेजारी मांडा : सारा-हप्त्याची तारीख, कापूस वेचणीचे महिने, बियाणं व खाण्यापिण्यासाठी उचललेलं कर्ज, माल पहिल्यांदा कोणाच्या ताब्यात गेला, आणि भाव कुठे ठरला. हप्ता विक्रीच्या आधी येत असेल, तर सावकार मध्ये का येतो ते आपोआप कळेल. जमीन मोजणीला १८५२मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागात लोकांनी उघड विरोध केला होता, तेही याच प्रकरणात घ्या. साऱ्याचा धसका लोकांना भाव कोसळण्याच्या आधीपासून होता.

एक चूक या विषयावरच्या लेखनात वारंवार दिसते. १८७५चे सावकारविरोधी दंगे सरसकट खानदेशाच्या नावे घातले जातात. ते पुणे आणि नगर जिल्ह्यांतले. त्यानंतर शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देण्यासाठी झालेला १८७९चा कायदाही सुरुवातीला पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चारच जिल्ह्यांसाठी होता.

प्रश्न : आमच्या भागातून लोक हंगामात गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. मुकादम ओळखीचा, कधी नात्यातलाही. उचल घेऊन बांधले जातात. याला भांडवलशाही कसं म्हणायचं? ही तर जुनीच सरंजामी रीत वाटते. – शिक्षक, तळोदा

उत्तर : तुमची शंका म्हणजे या वादाचं मर्मच. उत्तर-वसाहतवादी लेखन ज्यांचा आधार घेतं, त्या इतिहासकार रणजित गुहा यांची मांडणी अशी, की युरोपातल्या भांडवलदार वर्गानं जुनी व्यवस्था मोडून साऱ्या समाजाचं नेतृत्व मिळवलं. भारतात त्याला ते जमलं नाही, म्हणून इथे भांडवलाची सार्वत्रिक होण्याची धाव अर्धवट राहिली. समाजशास्त्रज्ञ विवेक छिब्बर यांनी २०१३च्या ग्रंथात हे मुळातून नाकारलं. युरोपातही मताचा हक्क भांडवलदारांनी आनंदानं दिला नाही, कामगारांनी लढून घेतला. भांडवल जगभर पसरवतं ती बाजारावर जगण्याची सक्ती. उदार विचार ते बरोबर आणेलच असं नाही.

त्यामुळे नात्यातला मुकादम दिसला की ‘हे भांडवलशाहीबाहेरचं’ असा निष्कर्ष काढणं घाईचं आहे. कारखान्याला ठरलेल्या दिवशी ठरलेला ऊस गाळपाला हवा, कारण तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो. मजूर हंगामाच्या मध्यात निघून जाऊ नये, हा धोका उचल टाळते आणि नातं ती वसुली सोपी करतं. मजुरी तोडलेल्या टनावर, मोजणी एका माणसावर नाही तर कोयत्यावर, म्हणजे बहुधा जोडप्यावर. बाईचा हिशेब त्यातच बुडतो. खानदेशातून बारडोलीला जाणाऱ्या याच मजुरांचा अभ्यास यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात केला, तो अवश्य वाचा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरणाऱ्या सालदारालाही, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतमजुरालाही, हाच प्रश्न विचारून पाहा : नकार दिला तर त्याच्या घरी किती दिवसांचं धान्य आहे?

प्रश्न : मग जात कुठे गेली? छिब्बर जातीविषयी फार थोडं बोलतात. – वाचक, धुळे

उत्तर : ही उणीव खरी आहे आणि ती झाकू नये. तिचं उत्तर शोधायला तुम्हाला धुळ्याबाहेर जायलाही नको. शरद पाटील यांनी १९७८मध्ये मार्क्सवादी पक्ष सोडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला तो याच मुद्द्यावर : वर्गाच्या एकाच चौकटीत जातीचं शोषण मावत नाही. त्यांची मार्क्स-फुले-आंबेडकरवादी मांडणी छिब्बर यांच्यासमोर ठेवून वाचा. दोघांनाही शोषण म्हणजे केवळ शब्दांचा खेळ वाटत नाही, पण जात मजुरीच्या बाजारात येण्याआधीच काय ठरवून टाकते, हे पाटील जास्त नेमकं सांगतात.

प्रश्न : शहादा तालुक्यातल्या आदिवासींच्या गेलेल्या जमिनींवर विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून घ्यायचा आहे. सुरुवात कुठून? – प्राध्यापक, नंदुरबार

उत्तर : सातबाऱ्यापासून. त्यावर वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक उतरवा आणि तलाठ्याकडे गाव नमुना ६मध्ये (फेरफार नोंदवहीत) ती प्रत्येक नोंद पाहा : तारीख, देणारा, घेणारा, कारण. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातली आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन वेगळी काढा. जमीन परत देण्याच्या १९७४च्या राज्य कायद्यानं हाच काळ धरला आहे. मुलं फक्त सातबारा पाहून थांबतात, तिथे गल्लत होते : आज दिसणारा मालक तिसरा-चौथा असतो आणि पहिला व्यवहार नजरेतून सुटतो. तोंडी मुलाखती त्यानंतर घ्या, फेरफाराची तारीख हातात ठेवून. म्हणजे ‘जमीन गेली’ यापुढे जाऊन कोणत्या वर्षी, कशापायी, कितीला, हे विचारता येईल.