वाचकांचे प्रश्न : छोटा प्रिंट आणि सोलापूरचा उन्हाळा

३५ मिमीच्या निगेटिव्हवरून ६×९ इंचांचा प्रिंट लेन्सच्या एफ/८ छिद्रावर २० सेकंदांत छान येतो. तेवढ्याच वेळात ३×४½ इंचांचा प्रिंट काढला की काळाठिक्कर होतो. वेळ कमी केला तर डॉजिंगला (काही भाग उजळ राहावा म्हणून त्यावरचा उजेड थोडा वेळ अडवायला) सवड राहत नाही. – एक वाचक, जुळे सोलापूर

एन्लार्जरचं (निगेटिव्हची प्रतिमा कागदावर मोठी पाडणाऱ्या यंत्राचं) हेड खाली आणलं की तेवढाच उजेड कमी जागेत पडतो. तुमच्या उदाहरणात एक्स्पोजर (कागदावर उजेड पाडायचा वेळ) साधारण एक तृतीयांशावर येतं, म्हणजे साडेसहा सेकंद. वेळ कमी करण्याऐवजी लेन्सचं छिद्र लहान करा; एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान. एफ/११ वर १३ सेकंद मिळतील, एफ/१६ वर २६. हेड हलवलं की फोकस पुन्हा करायचाच. तो लेन्स उघडी ठेवून करा आणि मग छिद्र लहान करा.

३×४½ हे माप फार सुंदर आहे. फ्रेम कुठेही न कापता पुरी येते, हाय-स्पीड फिल्मचे दाणेही डोळ्यांना टोचत नाहीत, आणि प्रिंट हातात धरून पाहता येतो. शिवाय ८×१० इंचांच्या एका कागदातून ४×५ चे चार तुकडे निघतात, आणि कडा सोडून हा प्रिंट त्यावर बसतो. सेफलाइटमध्ये (कागद न बिघडवणाऱ्या डार्करूमच्या मंद दिव्यात) कटरची पट्टी वाचता येत नाही, म्हणून आधीच मोजून कटरवर पुठ्ठ्याची अडसर-पट्टी चिकटवून ठेवा. ईझलची (कागद सपाट धरणाऱ्या चौकटीची) पाती एवढी आत येत नसतील तर काळ्या कार्डाला ३×४½ ची खिडकी कापून तो मास्क कागदावर ठेवा.

डॉजिंगचं साधनही लहान हवं. भुईकोट किल्ल्याच्या दरवाज्याची सावलीतली कमान उजळायची असेल, तर या मापाला बारीक तारेवरची वाटाण्याएवढी चकती पुरते. १३ पैकी ३ सेकंद ती सतत हलवत धरा. स्थिर राहिली तर कमानीभोवती पांढरी कड उमटते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो : व्होल्टेज पडलं की बल्ब मंदावतो आणि पिवळाही होतो. मल्टिग्रेड कागदावर (उजेडाच्या रंगानुसार कॉन्ट्रास्ट बदलणाऱ्या कागदावर) पिवळ्या उजेडाने कॉन्ट्रास्ट उतरतो. सकाळची टेस्ट स्ट्रिप (वेळ ठरवायला काढलेली चाचणीची पट्टी) संध्याकाळी जुळत नसेल तर कागदाला दोष देण्याआधी स्टॅबिलायझर लावून पाहा.

मे महिन्यात टाकीचं पाणीच गरम येतं. फिल्म धुवावी (डेव्हलप करावी) का? – एक वाचक, अक्कलकोट रोड

धुवा, पण २४ अंशांवर, आणि सगळी द्रावणं एकाच तापमानाला आणून. आयडी-११ डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारं द्रावण) पाण्याशी एकास एक प्रमाणात असेल तर एचपी५ प्लस फिल्मला २० अंशांवर १३ मिनिटं लागतात. २४ वर साधारण ९. पाणी आदल्या रात्री माठात भरून ठेवा, आपल्या कोरड्या हवेत त्याचं तापमान चांगलं उतरतं. उरलेली घट बर्फाने करा, पण बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, डेव्हलपर पातळ होतो. घमेल्यात बर्फाचं पाणी घेऊन त्यात बाटल्या उभ्या करा आणि थर्मामीटर बाटलीत ठेवा. डेव्हलपर गार आणि धुण्याचं पाणी गरम असं झालं की फिल्मवरचा जिलेटिनचा थर एकदम फुगतो आणि निगेटिव्हवर सुरकुत्यांची जाळी पडते. ती नंतर कशानेही जात नाही.

प्रिंटच्या ट्रेचीही काळजी घ्या. गरम डेव्हलपरमध्ये प्रतिमा भराभर उमटते आणि माणूस घाबरून कागद लवकर उचलतो. मग काळे भाग मातकट, डागाळलेले राहतात. आरसी (प्लॅस्टिकचा लेप असलेल्या) कागदाला डेव्हलपरच्या डब्यावर दिलेला वेळ पुरा द्या, प्रिंट गडद झाला तर एक्स्पोजर कमी करा. कागदाचं पाकीट फ्रिजमध्ये ठेवत असाल तर काही तास आधी बाहेर काढा, नाहीतर उघडताच आत दव धरतं.

वाळलेल्या फिल्मच्या चकचकीत बाजूला पांढरे ठिपके राहतात. – एक वाचक, होटगी रोड

पाण्यातले क्षार आहेत. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्यात करा, लिटरभर पाण्याला ५ मिली फोटो-फ्लो (पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायचं द्रावण). फिल्म पुसू नका, नुसती टांगा. पंखा बंद ठेवा. राहिलेला ठिपका त्याच बाजूने तोंडाची वाफ देऊन मऊ सुती कापडाने हलकेच टिपा. इमल्शनच्या (प्रतिमा असलेल्या मंद) बाजूला हात लावू नका.