कच्चा टाका उसवणारं प्रथिन

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. करते आहे. यीस्टमधलं ‘डीएचआर-वन’ हे हेलिकेज रायबोसोमच्या, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, जोडणीत काय करतं, हा तिचा प्रकल्प. हेलिकेज डीएनएची वीण उलगडतं, एवढं मला बारावीतलं आठवतं. पण रायबोसोममध्ये डीएनए नसतोच. मग ते उलगडतं काय? आणि अभ्यास यीस्टवरच का?
– एक वाचक, दादर

उत्तर : ताई, शंका अगदी रास्त आहे. आरएनएची वीण सोडवणारीही हेलिकेजं असतात. रायबोसोम बांधायला यीस्टला अशी सुमारे २० लागतात.

लालबागच्या चाळीत माझी आई ब्लाउज शिवायची. कापड सरकू नये म्हणून बाहीला आधी हातानं कच्चा टाका घालायची. नंतर टाचणीच्या टोकानं तो दोरा अलगद उसवणं हे माझं काम. यीस्टच्या पेशीतला कच्चा टाका म्हणजे यू-थ्री नावाचा छोटा आरएनए. रायबोसोमच्या लहान भागातला १८एस आरएनए घडत असताना यू-थ्री त्याच्याशी जोड्या जुळवून त्याला धरून ठेवतो, भलती घडी पडू देत नाही. पण यू-थ्री जिथं बसतो, नेमकी तीच जागा १८एसला पुढं स्वतःच्याच दूरच्या भागाशी जुळवायची असते. म्हणजे आमच्या घरच्यापेक्षा क्रम उलटा : आधी उसवण, मग पक्की शिलाई. डीएचआर-वन एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून यू-थ्रीला सोडवतं, तेही यूटीपी-फोर्टीन या सोबत्यानं चालना दिल्यावर. दोरा निघाला की १८एसची मधली गाठ बसते.

हे प्रथिन कमी केलेलं यीस्ट मी प्रयोगशाळेत वाढवलं आहे. पेशी फोडून तो अर्क साखरेच्या द्रावणाच्या थरांवर ठेवायचा, वेगानं फिरवायचा, आणि नळीतून काय काय उतरतं त्याचा आलेख बघायचा. ४०एस, म्हणजे लहान भागाचा उंचवटा बसलेला. शेजारी ६०एसचा मात्र वर आलेला, कारण मोठे भाग जोडीदाराविना पडून होते. तो कागद हातात आला त्या दिवशी मला जेवण सुचलं नव्हतं.

यीस्टच का? जोमात वाढणारी पेशी मिनिटाला सुमारे २००० रायबोसोम बांधते, त्यामुळे बिघाड लपत नाही. तिचा जनुकसंच १९९६ पासून पूर्ण वाचलेला आहे. शिवाय आपल्या पेशींतही याच प्रथिनाचं भावंड आहे, डीएचएक्स-३७.

लेकीला तिचा आलेख दाखवायला सांगा. ४०एसवर बोट ठेवील तेव्हा विचारा, “यू-थ्री सुटला का गं?”