'आठवण मिटवा' नको! आणि 'पुसणे' या शब्दाची गंमत

भाचीचा मेसेज आलाय. ती इथे बडोद्यात, अलकापुरीत एका ऑफिसात एआय एजंटसाठी (म्हणजे आपणहून कामं उरकणाऱ्या एआय प्रोग्रामसाठी) टूल्स लिहिते, म्हणजे त्यानं वापरायची छोटी साधनं. त्यातलं एक टूल एजंटनं साठवून ठेवलेल्या आठवणी डिलीट करतं, आणि त्याची माहिती मराठीत लिहायचीय. तर "मामा, 'आठवण मिटवा' लिहू, 'हटवा' लिहू की 'विसरा'?"

पहिलं ते 'मिटवा' काढ बाई. हे हिंदीतलं 'मिटाना' आता आमच्या दांडिया बाजारातपण घुसलंय, परवा एक जण म्हणाला फोटो मिटवले, मला वाटलं फोटोंची आपसात भांडणं होती की काय. मराठीत डोळे मिटतात, छत्री मिटते, भांडण मिटतं, आणि तिन्ही परत उघडतात, भांडण तर हमखास. 'हटवा' फोनमध्ये जिकडेतिकडे दिसतं म्हणून बरोबर ठरत नाही, हटवणं म्हणजे बाजूला सारणं, सकाळी हटवलेली लारी (हातगाडी) संध्याकाळी परत त्याच जागी. (कित्येक सिस्टिम प्रत्यक्षात हेच करतात, नोंद तशीच ठेवून नुसती 'डिलीटेड'ची खूण मारतात. तुमचं टूल तसलं असेल तर 'हटवा' खुशाल लिही, निदान खरं तरी होईल.) आणि 'विसरा' तर अजिबात नाही. टूल बाहेरच्या साठ्यातली नोंद काढतं, ट्रेनिंगमध्ये मॉडेलच्या, म्हणजे एजंटच्या मेंदूच्या, आत जे मुरलंय त्याला धक्काही लागत नाही, आणि चालू संभाषणात ती नोंद आधीच वाचून झाली असेल तर ती गेल्यावरही एजंट तेच बोलून दाखवणार. हे माहितीत स्पष्ट लिही.

राहिला 'पुसणे'. आता ऐक.

मराठीत पुसणे दोन आहेत, पाटी पुसणे आणि आईला पुसणे. एक संस्कृत 'प्रोञ्छ्'वरून, म्हणजे घासून साफ करणं, हिंदीत पोंछना, आणि पोछा पण तिथलाच. दुसरा 'पृच्छति'वरून, हिंदीत पूछना, गुजरातीत पूछवुं. हिंदीत दोन्ही वेगवेगळे राहिले, मराठीत एकच झाले, का? कारण जिथे शेजाऱ्यांनी छ सांभाळला तिथे आपण स केला. गुजरातीत माछली आपल्याकडे मासा, वाछरडुं आपलं वासरू, पींछुं आपलं पीस, हिंदीतला कछुआ आपला कासव. बडोद्यात राहणाऱ्याला यासाठी पुस्तक लागत नाही, मंगळबाजारात एक चक्कर मारली की पुरे! तसाच पूछचा पुस झाला आणि पोंछचापण पुसच झाला.

आमच्या घरी याचा पुरावा आहे. धाकट्या भावाची बायको गुजराती, लग्नानंतरची पहिली सत्यनारायणाची पूजा, आईनं स्वयंपाकघरातून सांगितलं, "अगं, चौरंग कुठे मांडायचा ते भटजींना पुसून घे." ती बिचारी ओला नॅपकीन घेऊन भटजींसमोर उभी! भटजींनी पण मुकाट्यानं हात पुढे केले.

आता माझं स्वतःचं म्हणणं. आवाज एक झाले ते नियमानं, मान्य, पण एक झाल्यावर मराठी माणसानं ते एक राहू का दिले? घोळ होत होता तर एक शब्द टाकून द्यायचा होता. मला वाटतं हे पाटीमुळे. मास्तर पुसणार, पोरं उत्तर लिहिणार, मास्तर बघणार आणि पाटी पुसली जाणार, की परत पुढचं पुसणं. पुसल्याशिवाय पुसणं नाही आणि पुसल्याशिवाय पुढचं पुसणं नाही, दोन्ही क्रिया एकाच चक्रात, मग कानाला खटकणार कशाला? आमच्या कट्ट्यावरचे निवृत्त प्राध्यापक हे ऐकून हसतात, निव्वळ योगायोग म्हणतात, आणि 'विलोपन' सुचवतात. विलोपन! पाटीवर कुणी कधी विलोपन केलंय? त्यांनी आयुष्यात पाटी स्वतः पुसली नसणार, ओल्या फडक्याचा तो वास ज्याला माहीत आहे तो असं बोलणार नाही. वर त्यांचा टोमणा, बडोद्याचं मराठी म्हणजे अर्धं गुजराती, तुम्ही कसले शब्द देताय. अहो, कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश, श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू, १९३१ मध्ये याच गावात निघाला, चार भाषा शेजारी ठेवून शब्द पारखायची सवय इथे जुनी आहे.

पण त्यांचा एक मुद्दा खरा आहे, कबूल करतो. टूलची माहिती माणसंच नाही, एजंट स्वतःपण वाचतो आणि त्यावरून ठरवतो की टूल कधी वापरायचं. 'आठवण पुसा' वाचून तो आठवण विचारत बसला तर? माणसाच्या बाबतीत मराठीचं व्याकरण सांभाळून घेतं, ज्याला विचारायचं त्याला 'ला' लागतो, आईला पुस, आणि वस्तूला नाही, पाटी पुस. पण 'वाट पुसणे'ला हा नियम लागत नाही, रामदासांचं 'वाट पुसल्याविण जाऊ नये' सगळ्यांना पाठ, तिथे कुणी फडकं घेऊन रस्त्यावर बसत नाही. म्हणून 'टाकणे' जोड. 'पुसून टाका'चा अर्थ विचारा असा कुणी करणार नाही.

तर लिही असं: 'आठवणीचा क्रमांक द्या. वापरकर्त्यानं सांगितलं असेल किंवा नोंद चुकीची निघाली असेल तरच ती पुसून टाका. शंका असेल तर आधी वापरकर्त्याला पुसा. पुसून टाकलेली नोंद परत येत नाही.' तिसरं वाक्य तुझ्या साहेबांना जुनाट वाटेल, ते 'विचारा' कर म्हणतील. करू नकोस. २०२३ च्या आपल्या डेटा संरक्षण कायद्यात माणसाला आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क दिलाय, म्हणजे पुसून टाकणाऱ्यानं आधी त्या माणसाला पुसायचं ते आलंच.

तुझ्या मेसेजमध्ये खाली 'स्टोअर'ला काय म्हणायचं असंपण होतं वाटतं, ते राहिलंच. रविवारी ये, सेव-उसळ खाता खाता बघू.