बारूद बदलण्याआधी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खाणीतल्या बारूदीचा मुख्य घटक असलेल्या अमोनियम नायट्रेटला पर्याय शोधायचाय, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. प्रयोगशाळेतून नको. खाणीलगतच्या गावात जा. ज्या घराला तडे गेलेत तिथे दुपारच्या ब्लास्टच्या वेळी बस आणि भिंतीला तळहात लावून ठेव. आधी मांडणीवरची भांडी वाजतील, मग कवेलूंमधून माती गळेल.

मी नोकरीला लागलो तेव्हा नायट्रोग्लिसरिनच्या कांड्या होत्या. त्या हाताळल्या की दुपारपर्यंत डोकं असं ठणकायचं, की डबा तसाच परत यायचा. २००४ मध्ये ती बारूद बंद झाली, स्लरी-इमल्शनवर, म्हणजे पाणी असलेल्या लगद्यासारख्या बारूदीवर, सगळं आलं आणि आमची डोकेदुखी थांबली. गावाची नाही थांबली. बारूद कुठली, याने भिंतीला फारसा फरक पडत नाही. एका डिलेत, म्हणजे मिलिसेकंदांच्या अंतराने होणाऱ्या स्फोटांच्या एका टप्प्यात, किती किलो उडाले आणि अंतर किती, हे तिला जाणवतं. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी, कंपनं ८ हर्ट्झच्या खाली असतील तर, सेकंदाला ५ मिलिमीटरची मर्यादा आहे. ती पाळायला बहुतेक वेळा नवं रसायन लागत नाही. डिले नीट आखावे लागतात.

धुराचं मात्र वेगळं. एका जुलैत इमल्शनची गाडी आली नाही म्हणून मी ओल्या होलांत, म्हणजे बारूद भरायच्या भोकांत, सुटं एएनएफओ (डिझेल मिसळलेलं अमोनियम नायट्रेट) भरू दिलं. नायट्रेट पाण्यात मिठासारखं विरघळतं. स्फोट अर्धवट झाला, विषारी नायट्रोजन ऑक्साइडचा नारिंगी ढग उठला आणि वारा गावाकडे होता. एक बाई अंगणातली पोरं ओढत घरात नेताना मला दुर्बिणीतून दिसली. ते आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडच्या इमल्शनवर स्वीडनमध्ये चाललेलं काम मला मोलाचं वाटतं. त्यात नायट्रेटच नाही, म्हणजे तो नारिंगी वायूही नाही आणि पाण्यात नायट्रेट झिरपायची भीतीही नाही. पण आपल्या कोळशात पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज, असतो आणि पेरॉक्साइड त्याच्याशी भिडलं की तापतं. होलातच तापू लागलं तर? त्यावर आधी काम कर, घाईने ट्रायल मागू नकोस.

कोळशासाठी तर बारूदच लागू नये. सरफेस मायनर दातेरी ड्रमने कोळसा खरवडून काढतो. ड्रिलही नको, ब्लास्टही नको. वरच्या कडक वालुकाश्मापुढे त्याचे दात झिजतात, तिथे बारूद राहणारच.

पावसाळा तोंडावर आहे. पुढच्या पत्रात बेंचवरच्या, म्हणजे खाणीच्या पायरीवरच्या, प्रत्येक होलात किती पाणी आहे ते टेप सोडून मोजून लिही. आणि ब्लास्टच्या वेळी वारा कुठे होता, तेही.

तुझा,
सर