हातात थोडे जास्तीचे पैसे आलेत, होम लोन लवकर फेडावं का?

फेडा, पण आधी क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोनची थकबाकी असेल तर ती संपवा कारण तिथलं व्याज होम लोनपेक्षा बरंच जास्त असतं, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, घराच्या भिंतीत अडकलेला पैसा अडीअडचणीला पटकन निघत नाही.

प्रीपेमेंट जितकं लवकर तितका फायदा. २० वर्षांचं ९ टक्क्यांचं लोन असेल तर पहिल्या हप्त्यातले जवळपास ८३ टक्के पैसे नुसत्या व्याजात जातात, मुद्दल हलतच नाही! शेवटच्या दोन-चार वर्षांत उलटं असतं, तेव्हा घाई करून फारसं काही वाचत नाही. याच लोनवर पहिल्या वर्षापासून दरवर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तरी तीनेक वर्षं आधी सुटका होते.

पैसे भरताना लेखी सांगा की ईएमआय तेवढाच ठेवून मुदत कमी करा, व्याज खरं तिथेच वाचतं. प्रीपेमेंट चार्ज आहे का ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये बघा, फिक्स्ड रेटवाल्यांनी तर नक्कीच. आणि पूर्ण फेडलंत की घराची मूळ कागदपत्रं आणि नो ड्यूज सर्टिफिकेट मागून घ्या, बरेच जण हे विसरतात.