मुरबाडला शेतावर असलेला जुना ट्रॅक्टर सुरू होतो, पण दोन मिनिटांत बंद पडतो. डिझेल पंप बदलावा लागेल का?

बहुधा नाही, आपण सांगितलेली लक्षणे पंप झिजल्याची नसून डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरल्याची किंवा फिल्टर तुंबल्याची आहेत. पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होते आणि मागून पुरवठा न आल्याने ते बंद पडते; पंप झिजला असता, तर मुळात गरम इंजिन सुरू करतानाच त्रास झाला असता. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या टाकीत पाणीही साचते, म्हणून आधी टाकीच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून पाहावे, फिल्टर बदलावा आणि जोडांवरचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत (जुने पुन्हा वापरण्याची काटकसर इथे महागात पडते). त्यानंतर फिल्टरवरचा व मग पंपावरचा हवा काढण्याचा स्क्रू क्रमाने सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणाऱ्या छोट्या पंपाचा) हातपंप मारावा. नोझलच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडांच्या) नळ्या सैल कराव्या लागल्या, तर तिथे बोट मुळीच लावू नये. तिथून जोराने उडणारा डिझेलचा फवारा कातडीत घुसतो. मात्र इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल, तर बहुधा डिझेल आत ऑइलमध्ये गळत आहे. अशा वेळी ट्रॅक्टर न चालवता पंप उतरवून कॅलिब्रेशनच्या टेस्ट बेंचवर (पंप चालवून तो किती डिझेल देतो हे मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्यावा.